बशीच्या पाठीवरचा पत्ता

लंडनमध्ये थेम्स नदीला ओहोटी लागली की काठचा चिखल उघडा पडतो आणि त्यात निळ्या-पांढऱ्या चिनीमातीचे तुकडे दिसू लागतात. हे तुकडे वेचायचे तर पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीचा परवाना लागतो आणि सापडलेली वस्तू तीनशे वर्षांपेक्षा जुनी असेल तर तिची नोंद करावी लागते. राणी व्हिक्टोरियाच्या काळातली, म्हणजे १८३७ ते १९०१ मधली, बशी त्या मानाने कालची. तिची दखल सरकारदरबारी घेतली जात नाही. त्यामुळे ती कोणाच्या भट्टीतून निघाली, हे शोधण्याचे काम सापडणाऱ्यालाच करावे लागते. माळ्यावरच्या पेटीत आजीची बशी सापडली काय किंवा बागेत खणताना बरणीचा बूड हाती लागला काय, प्रश्न एकच असतो आणि त्याचे उत्तर बहुधा वस्तूच्या पाठीवर असते. हौशी माणूस बशीची नक्षी पाहतो. जाणकार आधी बशी उलटी करतो.

इंग्लंडमधली व्हिक्टोरियन काळातली भांडी म्हटली की पहिला अंदाज स्टॅफर्डशायर परगण्याचा बांधायचा, आणि तो बहुतेक वेळा चुकत नाही. टन्स्टॉल, बर्सलेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँग्टन या लागून असलेल्या सहा गावांत भांड्यांचे शेकडो कारखाने होते. कोळसा पायाखाली होता. पांढरी माती मात्र डेव्हन आणि कॉर्नवॉलहून समुद्रमार्गे आणि पुढे कालव्याने येई. ट्रेंट अँड मर्सी कालवा १७७७ मध्ये पूर्ण झाला आणि या धंद्याला जगाची बाजारपेठ मोकळी झाली. ही सहा गावे १९१० मध्ये एकत्र येऊन आजचे स्टोक-ऑन-ट्रेंट झाले. याच भागातून आलेल्या अर्नोल्ड बेनेट या कादंबरीकाराने आपल्या लेखनात सहाची पाचच गावे केली आणि फेंटनला वगळले. फेंटनकरांचा त्यावरचा राग पुढे अनेक वर्षे टिकला म्हणतात. अर्थात लंडनचे लॅम्बेथ, डर्बीजवळचे डेन्बी, ब्रिस्टल, वूस्टर, ग्लासगो अशी इतर केंद्रेही होती. पण शोधाची सुरुवात सहा गावांपासून करणे सोयीचे पडते.

पाठीवरच्या खुणा चार प्रकारच्या असतात. माती ओली असताना धातूच्या ठशाने दाबलेली, साच्यातूनच उठून आलेली, कुंचल्याने रंगवलेली आणि छापलेली. दाबलेली खूण सर्वांत विश्वासार्ह, कारण ती भट्टीत जाण्यापूर्वीच मातीत उतरलेली असते आणि मागाहून कोणाला घालता येत नाही. छापील खुणेची गोष्ट थोडी वेगळी आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली नक्षी गरम शाईने पातळ कागदावर उतरवायची, तो कागद एकदा भाजलेल्या भांड्यावर घासून चिकटवायचा, मग पाण्याने धुऊन काढायचा आणि वरून झिलई चढवून भांडे पुन्हा भाजायचे, अशी ही पद्धत. कारखान्याचा शिक्का त्याच पत्र्याच्या कोपऱ्यात कोरलेला असे. कामकरी स्त्रिया तो कागदाचा तुकडा कात्रीने कापून बशीच्या पाठीवर लावत. त्यामुळे शिक्का तिरका लागणे, अर्धा कापला जाणे, कधी अजिबात न लागणे हे नेहमीचेच. शिक्का फिसकटलेला आहे म्हणून वस्तू बनावट ठरत नाही.

या साऱ्या खुणांत संशोधकाला सर्वांत प्रिय असतो तो चौकटचा, पत्त्यांतल्या चौकटसारखा दिसणारा नोंदणीचा शिक्का. ब्रिटिश संसदेने १८४२ मध्ये नक्षी आणि आकार यांच्या हक्काचा कायदा केला. त्याप्रमाणे कारखानदाराने आपली नवी नक्षी लंडनच्या नोंदणी कार्यालयात दाखल केली की तिला तीन वर्षांचे संरक्षण मिळे आणि मालावर हा शिक्का मारता येई. माथ्यावरच्या छोट्या वर्तुळात मालाचा वर्ग लिहिलेला असतो. मातीच्या भांड्यांसाठी रोमन चार. चौकटच्या चार कोपऱ्यांत मिळून वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवशीच्या नोंदणीचा गठ्ठा क्रमांक असतो.

मात्र वर्ष आणि महिना अंकांत नसून अक्षरांत आहेत आणि अक्षरे क्रमाने नाहीत. १८४२ साठी एक्स, १८४३ साठी एच, १८४४ साठी सी, १८४५ साठी ए अशी ती मांडणी आहे. जानेवारीला सी, फेब्रुवारीला जी, मेला ई, डिसेंबरला ए. सव्वीस अक्षरे १८६७ मध्ये संपली. तेव्हा १८६८ पासून तीच अक्षरे बऱ्याच अंशी त्याच क्रमाने पुन्हा वापरण्यात आली. फक्त कोपऱ्यांची अदलाबदल केली. ही अदलाबदल ध्यानात ठेवली की घोटाळा होत नाही. वर्तुळाच्या लगेच खाली अक्षर असेल तर शिक्का १८४२ ते १८६७ मधला. तिथे अंक असेल तर १८६८ ते १८८३ मधला.

उदाहरण घ्यायचे तर, समजा वर्तुळाखाली एस हे अक्षर आहे, डाव्या कोपऱ्यात ई, उजव्या कोपऱ्यात २६ आणि तळाशी ४. पहिल्या मालिकेत एस म्हणजे १८४९. तेव्हा ही नोंदणी २६ मे १८४९ ची आणि गठ्ठा चौथा. हेच एस उजव्या कोपऱ्यात असते आणि माथ्याशी अंक असता, तर वर्ष १८७५ झाले असते. सव्वीस वर्षांचा फरक, आणि तेवढ्या काळात कारखाने बुडत, विकले जात, भागीदार बदलत. कोष्टकात अपवादही आहेत. १८७८ च्या मार्च महिन्यातले पहिले सहा दिवस वर्षासाठी डीऐवजी डब्ल्यू आणि महिन्यासाठी डब्ल्यूऐवजी जी वापरले गेले. सरकारी कचेरीतली ती सहा दिवसांची गडबड आज दीडशे वर्षांनंतरही संग्राहकांना अडखळायला लावते.

तारीख हाती आली की नाव मिळवणे ही केवळ चिकाटीची बाब उरते. नोंदणीची मूळ दप्तरे लंडनजवळच्या क्यू येथील नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत. बीटी ४३ या मालिकेत दाखल केलेली चित्रे आणि नमुने, तर बीटी ४४ मध्ये नोंदवह्या. तारीख आणि गठ्ठा जुळला की अर्जदाराचे नाव व पत्ता समोर येतो, आणि कधी कधी हातातल्या बशीवरचीच नक्षी मूळ कागदावर पाहायला मिळते.

इथे दोन पथ्ये पाळावी लागतात. एक, ही तारीख नक्षीच्या नोंदणीची आहे, भांडे घडवल्याची नव्हे. खपणारी नक्षी पुढे दहा-पंधरा वर्षेही निघत राही आणि पत्र्यावरचा शिक्का कोणी खरवडत बसत नसे. दुसरे, नोंदणी करणारा कारखानदारच असेल असे नाही. एखादा लंडनचा दुकानदारही आपल्या नावाने नक्षी नोंदवी आणि माल भलत्याच भट्टीतून करवून घेई. १८८४ पासून चौकट गेली आणि तिच्या जागी एकापासून सुरू होणारे सलग नोंदणी क्रमांक आले. हा क्रमांक १८९० च्या आरंभी एक लाख एकेचाळीस हजारांच्या पुढे आणि १९०० च्या आरंभी साडेतीन लाखांच्या पुढे गेला होता. त्याहून मोठा आकडा असलेली वस्तू कोणी अस्सल व्हिक्टोरियन म्हणून विकत असेल तर जरा थांबलेले बरे.

चौकट नसली तरी पाठीवरचे शब्द बोलतात. इंग्लंडच्या राजचिन्हाचा वापर अनेक कारखाने करीत. त्यातल्या ढालीच्या मध्यभागी आणखी एक छोटी ढाल असेल तर ते चिन्ह १८३७ पूर्वीचे. ती छोटी ढाल हॅनोव्हरच्या गादीची होती; तिथल्या कायद्यानुसार स्त्रीला वारसा नव्हता, म्हणून व्हिक्टोरिया इंग्लंडची राणी झाली तेव्हा हॅनोव्हर तिच्या काकांकडे गेले आणि ढालही गळाली. नुसता ‘इंग्लंड’ हा शब्द असेल तर वस्तू बहुधा १८९१ नंतरची. अमेरिकेने १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर उगमदेशाचे नाव सक्तीचे केले, त्याचा हा परिणाम. ‘मेड इन इंग्लंड’ असे पूर्ण वाक्य दिसले तर विसावे शतक समजावे. ‘लिमिटेड’ हा शब्द १८६० च्या आधी सहसा सापडत नाही. एखादा शब्द ‘आहे’ म्हणून वस्तू त्यानंतरची ठरते; पण तो ‘नाही’ म्हणून वस्तू त्याआधीची ठरतेच असे नाही. अर्धे वाद या एका गोष्टीच्या विसरामुळे होतात.

नावच छापलेले असेल तर शोध संपला, असे वाटणे स्वाभाविक आहे. वेजवूड या नावाने हा समज अनेकदा खोटा पाडला आहे. जोसाया वेजवूड १७९५ मध्ये वारला, पण एट्रुरियाचा त्याचा कारखाना पुढील सबंध शतकभर नावारूपाला होता आणि त्याच्या मालावर मातीत दाबलेले ‘वेजवूड’ हे नाव जवळजवळ नेहमी असे. या नावाला बाजारात किंमत होती. स्टॉक्टन-ऑन-टीज इथल्या विल्यम स्मिथ आणि कंपनीने आपल्या भांड्यांवर ‘वेजवूड’ हे नाव, कधी मध्ये एक जादा ‘ई’ घालून, छापायला सुरुवात केली. एट्रुरियाच्या वेजवूडांनी न्यायालयात धाव घेतली आणि १८४८ मध्ये स्मिथ कंपनीला मनाई हुकूम झाला. त्यामुळे स्पेलिंगमध्ये जीनंतर ई दिसला की ती खरी वेजवूड नव्हे, हे आजही पहिले सूत्र मानले जाते.

दुसरे प्रकरण याहून गमतीचे, कारण त्यात फसवणूक म्हणावी असे काही सिद्ध करता येत नाही. बर्सलेम आणि नंतर टन्स्टॉल इथे १८४१ पासून जॉन वेज वूड नावाचा कारखानदार होता. ‘वेज’ हे त्याचे मधले नाव आणि ‘वूड’ हे आडनाव. त्याने आपले नाव ‘जे. वेजवूड’ असे छापले. काही शिक्क्यांत वेज आणि वूड यांच्यामध्ये एक बारीकसा ठिपका किंवा किंचित मोकळी जागा दिसते. भिंग नसेल तर ती दिसतही नाही. कायद्याने त्याला कोण अडवणार? माणूस स्वतःचेच नाव लिहीत होता. एट्रुरियाच्या कारखान्याने असे ‘जे.’ हे आद्याक्षर लावून शिक्का मारण्याची प्रथा ठेवली नव्हती, एवढाच काय तो ओळखीचा धागा.

तिसरे वेजवूड पुन्हा टन्स्टॉलचेच. पॉडमोर, वॉकर आणि कंपनीत इनॉक वेजवूड भागीदार झाला आणि १८६० च्या सुमारास त्या पेढीचे नाव ‘वेजवूड अँड कंपनी’ झाले. ‘एशियाटिक फेझंट्स’ या फिकट निळ्या पक्षी-फुलांच्या नक्षीची तिची ताटे आजही मोठ्या संख्येने सापडतात आणि मागचे ‘अँड कंपनी’ न वाचता जोसाया वेजवूडच्या भावाने विकली जातात. पुढे १९८० मध्ये मोठ्या वेजवूड कंपनीने ही टन्स्टॉलची पेढी विकत घेतली. सव्वाशे वर्षांच्या गोंधळाचा असा शेवट कोणत्याही न्यायालयाला करता आला नसता.

मोठ्या कारखान्यांच्या स्वतःच्या सांकेतिक लिप्या होत्या. मिंटनने १८४२ पासून दरवर्षी एक छोटे चिन्ह मातीत दाबायला सुरुवात केली आणि १८७३ च्या सुमारास नावापुढे एस जोडून ‘मिंटन्स’ केले. डॅव्हनपोर्टच्या दाबलेल्या नांगराच्या दोन बाजूंना वर्षाचे शेवटचे दोन अंक असत. स्पोडचा कारखाना १८३३ मध्ये ‘कोपलंड अँड गॅरेट’ झाला, १८४७ मध्ये गॅरेट वेगळा झाला आणि नुसते कोपलंड उरले. म्हणून ‘कोपलंड अँड गॅरेट’ हे दोन शब्दच वस्तूला चौदा वर्षांच्या कोंडीत पकडतात. लहान पेढ्या मात्र नुसती आद्याक्षरे छापत. पी. डब्ल्यू. अँड कंपनी म्हणजे पॉडमोर, वॉकर हे सहज सुटते. पण स्टॅफर्डशायरची दोरीची गाठ आणि तिच्या खाली एखाद-दुसरे आद्याक्षर एवढेच असेल तर एकाच वेळी तीन-चार उमेदवार उभे राहतात. अशा वेळी ल्युएलिन ज्यूइट याचा १८७८ मधील ग्रंथ आणि जेफ्री गॉडन यांचा १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेला ब्रिटिश शिक्क्यांचा कोश हेच आधार. गॉडन यांचे २०१६ मध्ये निधन झाले. पुढे बरीच भर पडली असली तरी लिलावगृहांच्या टेबलावर त्यांचा जाडजूड कोश अजून असतो.

आणि पाठ कोरी असेल तर? व्हिक्टोरियन भांड्यांत अशी कोरी पाठ फार मोठ्या संख्येने आहे. शेकोटीच्या फळीवर मांडायच्या, मागून सपाट असलेल्या स्टॅफर्डशायरच्या मूर्ती तर बहुतेक बिनखुणेच्याच. इथे नक्षीवरून कारखाना सांगण्याचा मोह आवरावा लागतो. ‘विलो’ ही नक्षी कितीजणांनी काढली याची गणती नाही आणि ‘एशियाटिक फेझंट्स’ही अनेक कारखान्यांनी छापली. शिवाय एखादी पेढी दिवाळखोरीत निघाली की तिचे कोरीव तांब्याचे पत्रे लिलावात जात. घेणारा जुनी आद्याक्षरे घासून टाकी आणि तीच नक्षी नव्या भट्टीतून बाहेर पडे.

म्हणून नक्षीपेक्षा अंगलट पाहावी लागते. बूडकड्याचा आकार, मुठीचे वळण, झाकणावरची बोंडी, झिलई साचलेल्या खाचेतला रंग. निळसर झाक असेल तर काळ साधारण १८४० च्या आधीचा, स्वच्छ पांढरी असेल तर नंतरचा. भट्टीत भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मातीचे तीन टोकांचे आधार ठेवत. त्यांचे बारीक व्रण बशीच्या अंगावर राहतात. अलीकडे सर्वांत भक्कम पुरावा मिळतो तो कारखान्यांच्या कचऱ्यातून. भट्टीत बिघडलेला माल आवाराजवळच टाकला जाई. नव्या इमारतींसाठी पाया खणताना असे ढीग उघडे पडतात आणि त्यातला बिनखुणेचा तुकडा हातातल्या वस्तूशी जुळला की कारखान्याचे नाव बरेचसे ठरते. हॅन्लीच्या पॉटरीज म्युझियममध्ये तुलनेसाठी लागणारा संग्रह मोठा आहे.

जुन्या उकिरड्यांत सापडणाऱ्या तपकिरी बाटल्या आणि बरण्या यांची अडचण उलटी असते. तिथे नावे एकाऐवजी दोन असतात. शाईच्या एका बाटलीवर पी. अँड जे. आर्नोल्ड, लंडन आणि जे. बोर्न अँड सन, डेन्बी अशी दोन्ही नावे दाबलेली दिसतात. आर्नोल्ड शाई बनवणारे, बोर्न बाटली घडवणारे. आर्नोल्डची शाई साऱ्या जगात जात असल्याने ही बाटली अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या छावण्यांतही सापडली आहे. दंतमंजनाच्या पांढऱ्या डब्यांवर औषधविक्रेत्याचे नाव ठळक असते आणि घडवणाऱ्याचे बहुधा नसतेच. लॅम्बेथच्या डोल्टनबाबत मात्र काम सोपे आहे. ‘डोल्टन अँड वॉट्स’ असेल तर १८५० च्या दशकाच्या मध्यापूर्वीचे, ‘डोल्टन अँड कंपनी’ असेल तर नंतरचे, आणि ‘रॉयल डोल्टन’ असेल तर राणी जाऊन सातवा एडवर्ड गादीवर आल्यानंतरचे.

व्हिक्टोरियन भांडे म्हणून विलायतेत सापडलेली वस्तू थेट मुंबईची निघू शकते, ही गोष्ट मराठी वाचकाला माहीत असलेली बरी. सर जे. जे. कलाशाळेचे अधीक्षक जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी १८७० च्या दशकात शाळेत कुंभारकामाचा विभाग उभारला. सिंधमधली झिलईची परंपरा तिथे आणली गेली आणि जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली विद्यार्थी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करीत होते, त्यातले आकृतिबंध सुरया आणि फुलदाण्यांवर उतरले. ही भांडी इंग्लंडला गेली, दिवाणखान्यांत मांडली गेली आणि पुढे मूळ विसरले गेल्यावर ‘सिंधी’ किंवा ‘मुलतानी’ म्हणून विकली गेली. झिलई सिंधी वळणाची, पण चित्रांत अजिंठ्याच्या मानवाकृती असल्या तर मुंबईचा विचार करावा. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ही भांडी पाहता येतात. आणि ती पाहताना पायाखाली असते ती स्टोकच्या मिंटनची फरशी.

नकली मालाबद्दल थोडक्यात. ‘व्हिक्टोरिया वेअर आयर्नस्टोन’ असा राजचिन्हासह भारदस्त शिक्का दिसला तर ती विसाव्या शतकातली पुनर्निर्मिती असते. या नावाची व्हिक्टोरियन पेढी नव्हती. खऱ्या जुन्या बशीचा बूडकडा झिजलेला असतो आणि वरच्या पृष्ठभागावर सुरी-काट्याचे बारीक ओरखडे असतात. तडे चहाने रंगवता येतात, झीज इतकी सहज आणता येत नाही. वस्तू मिळताच ती घासून लख्ख करणे टाळावे. कपड्यांच्या ब्लीचने झिलई सुटते. या भांड्यांच्या झिलईत शिसे असण्याचा संभव मोठा असल्याने त्यांत जेवण वाढू नये, हेही सांगायला हवे.

कारखान्याचे नाव सापडले, तारीख लागली, तरी पाठीवर काही खुणा उरतात. एखादा निळा ठिपका, छोटा आकडा, खरचटल्यासारखी रेघ. या कामगारांच्या खुणा होत. पॉटरीजमध्ये मजुरी ‘भट्टीतून चांगले निघाले तर’ या अटीवर असे. कारागिराने भांडे निर्दोष घडवले, पण पुढे दुसऱ्याच्या हातून भट्टीत ते बिघडले तरी त्याला पैसे मिळत नसत. १८३० च्या दशकातल्या संपांमागे ही एक मोठी तक्रार होती. कोणाचे किती भांडे चांगले निघाले हे मोजण्यासाठी प्रत्येकाची खूण हवी, म्हणून हे ठिपके आणि रेघा. सॅम्युअल स्क्रिव्हन या सरकारी तपासनिसाने १८४१ मध्ये या कारखान्यांतल्या मुलांच्या जबान्या घेतल्या. ओले भांडे चढवलेला साचा उचलून तापलेल्या खोलीत पळत नेण्याचे काम लहान मुले करीत. टन्स्टॉलमध्ये सात-आठ वर्षांच्या वयात हे काम केलेल्या चार्ल्स शॉ याचे आत्मचरित्र १९०३ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा लहान हातांची बहुधा कुठलीच खूण भांड्यावर नसते. मोठ्या कारागिरांच्या खुणा आहेत, पण त्यांची नावे सांगणाऱ्या वह्या बहुतेक कारखान्यांबरोबर नाहीशा झाल्या. वेजवूडने १८६० पासून मातीत दाबायला सुरुवात केलेल्या तीन अक्षरांपैकी पहिले महिन्याचे, तिसरे वर्षाचे; ती दोन कोणत्याही कोशात उलगडतात. मधले अक्षर कुंभाराचे आहे.